सशाचा बाबा आणि रविवारचं मटण

पत्राचा सारांश: नेरूळहून एक आजोबा लिहितात. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले. मुलगा-सून दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे साडेपाच वर्षांची नात शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत आजी-आजोबांकडेच असते. तिला सशांचं वेड. डब्यावर ससा, दप्तरावर ससा आणि झोपताना गोष्टही सशाचीच. सूनबाईंनी इंग्रजी पुस्तकं आणली. त्यातलं निळा कोट घातलेल्या पीटर सशाचं छोटंसं पुस्तक नातीला फार आवडलं. आजोबा ते मराठीत सांगत वाचतात आणि मराठी वाक्यं इंग्रजी ओळींच्या खाली पेन्सिलीनं लिहूनही ठेवतात. पुस्तक खराब होतं म्हणून सूनबाईंना ते पटत नाही.

गोष्टीच्या सुरुवातीलाच सशांची आई पिल्लांना बजावते : मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नका, तुमच्या बाबांचा तिथेच घात झाला, मॅकग्रेगरच्या बायकोनं त्यांना 'पाय'मध्ये (पिठाच्या पारीत सारण भरून भाजतात तो इंग्रजी पदार्थ) घालून भाजलं. आजोबांनी हे होतं तसं वाचलं. नात तेव्हा काही बोलली नाही. पुढच्या रविवारी जेवताना मटणाच्या वाटीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "आजोबा, हा कोणाचा बाबा?" टेबलावर सगळे गप्प. तेव्हापासून तिनं मटण-चिकन सोडलंय. "बाबा, ते एक वाक्य गाळता आलं नसतं का?" असं म्हणून सूनबाईंनी पुस्तक कपाटावर टाकलं. आजी माळकरी, त्या म्हणतात, बरंच झालं. मुलाचं म्हणणं, वाढदिवसाला खरा ससा आणू, म्हणजे ती हे सगळं विसरेल. आजोबा विचारतात : खोटं वाचणं मला जमत नाही, माझं चुकलं का? आपल्या ससा-कासवात असलं काही नसतं, मग तेच सांगत राहू का? पण ती गोष्ट तिला कंटाळवाणी वाटते. मग सशांची कोणती पुस्तकं वाचू?

---

आजोबा, नमस्कार.

नातीचा प्रश्न वाचून आधी हसू आलं आणि मग तिचं कौतुक वाटलं. पुस्तकातलं एक वाक्य तिनं डोक्यात ठेवलं, आठवडाभर घोळवलं आणि नेमक्या जागी आणून विचारलं. शाळेतल्या आकलनाच्या परीक्षेत एवढं कोणी तपासत नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. वाचण्यात तुमचं काही चुकलं नाही. चुकलं असेल तर ते रविवारी टेबलावर, आणि तिथे तुम्ही एकटे नव्हता.

ते पान पुन्हा उघडून बघा. (कपाटावरून पुस्तक कसं उतरवायचं ते पुढे सांगते.) बाबांचं काय झालं हे पिल्लांना कोण सांगतं? आई. सकाळची वेळ आहे, पोरं खेळायला निघालीत, तिला स्वतःला बाजारात जायचंय. कुठे जायचं, कुठे नाही हे सांगताना ती त्याच सुरात बाबांचं काय झालं तेही एका वाक्यात सांगते. आवाज कापत नाही, पण ती लपवतही नाही. मग जा, खेळा, मस्ती करू नका म्हणते आणि टोपली-छत्री घेऊन बेकरीत जाते. तिथून ती एक ब्राऊन पाव आणि मनुके घातलेले पाच बन आणते. पोरं चार आणि ती एक. बाबा नाही, हे लेखिकेनं त्या पाच बनांतसुद्धा मोजून ठेवलंय. नातीला बन मोजायला सांगा, तिला आवडेल.

गोष्ट मेलेल्या बापाची नाहीच. ती त्या बागेतून निसटून येणाऱ्या मुलाची आहे. पीटर आधी पोट दुखेपर्यंत मुळे आणि लेट्यूस खातो. मॅकग्रेगर मागे लागतो तेव्हा त्याचे बूट हरवतात, जाळीत कोटाची बटणं अडकतात, झारीत लपतो तर तिथे शिंक येते. शेवटी धापा टाकत घरी येतो. आई त्याला काही विचारत नाही, काढा पाजून झोपवते. बाबांचं ते वाक्य काढून टाकलं तर पीटर एवढा का पळतोय तेच कळणार नाही. चार मुळ्यांसाठी म्हातारा ओरडेल, एवढीच भीती राहील आणि गोष्टीतला जीव जाईल. तुमची नात ते पुस्तक रोज मागत होती, ती पीटर रोज सुटतो म्हणून.

हे पुस्तक लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटरनं पीटर सशाची गोष्ट पहिल्यांदा 4 सप्टेंबर 1893 रोजी एका पत्रात लिहिली. पत्र होतं नोएल नावाच्या मुलासाठी, तिच्या जुन्या शिक्षिकेचा हा मुलगा आजारी होता. त्याचं वय पाच, म्हणजे तुमच्या नातीच्याच वर्गातला म्हणा. पुढे प्रकाशकांनी नकार दिले, तेव्हा तिनं डिसेंबर 1901 मध्ये पदरच्या पैशानं 250 प्रती छापल्या, आणि 1902 मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकानं रंगीत चित्रांसह पुस्तक काढलं. छोट्या हातात मावेल असंच पुस्तक हवं, हा हट्ट तिचा. सुरुवातीच्या आवृत्त्यांत मॅकग्रेगरची बायको तो 'पाय' वाढायला आणतेय असं चित्रसुद्धा होतं. ते पुढे काढून टाकलं, पण वाक्य राहिलं. तेव्हा 'गाळता आलं नसतं का' हा प्रश्न सूनबाईंचा एकट्यांचा नाही आणि आजचाही नाही.

आता तुमच्या एका वाक्याशी मी थोडं भांडणार आहे. "आपल्या ससा-कासवात असलं काही नसतं." त्या एका गोष्टीत नसतं, खरंय. पण पंचतंत्रातले ससे आठवा. सिंहाकडे रोज एक जनावर पाठवायचं, आज सशाची पाळी. गोष्टीची सुरुवातच तिथून होते आणि शेवटी सिंह विहिरीत बुडून मरतो. हत्तींचा कळप तळ्यावर येतो, तेव्हा सशांची वसाहत पायाखाली तुडवली जाते, आणि मग एक ससा चंद्राचा दूत बनून हत्तींच्या राजाला तळ्यातलं हलतं चंद्रबिंब दाखवतो. ससा आणि कपिंजल पक्ष्याचं बिळावरून भांडण होतं, दोघं न्याय मागायला तपस्वी मांजराकडे जातात. मांजर म्हणतं, म्हातारा झालो, ऐकू येत नाही, जरा जवळ या. दोघंही खलास. बौद्ध जातककथेतला ससा तर दारात आलेल्या याचकाला द्यायला काही नाही म्हणून स्वतःच विस्तवात उडी घेतो. लेकीकडे जाऊन भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीला वाघ-कोल्हा काय गप्पा मारायला अडवतात? "जाडजूड होऊन येते, मग मला खा" हे आपण पिढ्यानपिढ्या हसत सांगत आलोय.

म्हणजे इंग्रजी गोष्ट रक्तबंबाळ आणि आपली सात्त्विक, अशी काही वाटणी नाही. आपल्या गोष्टी आपण ऐकून ऐकून गुळगुळीत केल्यात, त्यामुळे टोचत नाहीत, इतकंच. ससा जगात कुठेही लहानच. त्याला सुळे नाहीत, शिंगं नाहीत, आवाज जेमतेम, आणि खायला टपलेले सगळे. पोरांना तो आवडतो तो मऊ कानांसाठी, हे खरं, पण त्यांचीही घरात साधारण तीच अवस्था असते. सगळे मोठे, सगळे उंच, आणि आपल्याकडे फक्त पळणं आणि डोकं.

ससा-कासव तिला कंटाळवाणं वाटतं, यात नवल नाही. ती सशाच्या पक्षाची आहे! त्या गोष्टीत तिच्या पक्षाचा गडी झोपतो, हरतो आणि वर मोठी माणसं तिला त्यावरून शिकवण देतात. कोण ऐकून घेईल? सिंह आणि विहिरीची गोष्ट सांगून बघा. सशाला उशीर का झाला, तो रस्त्यात काय करत होता, विहिरीत वाकून बघताना सिंहाला काय दिसलं, हे तिलाच विचारत विचारत सांगा. सिंहाचा आवाज तुम्ही काढा, सशाचा तिला काढू द्या. भोपळा आणि म्हातारीही आणा.

तर, रविवार. "हा कोणाचा बाबा?" यावर टेबलावरचे सगळे एकमेकांकडे बघत बसले. लहान मुलं या गप्प बसण्याचा अर्थ एकच लावतात, आपण काहीतरी भयंकर बोललो. तिनं त्यानंतर मटण सोडलं ते पुस्तकामुळे जितकं, तितकंच त्या शांततेमुळेही असेल. हा प्रश्न अजून शिळा झालेला नाही. एखाद्या दुपारी वरणभात खाताना आपणहून काढा. "त्या दिवशी तू विचारलंस ना, हा कोणाचा बाबा? ते बोकडाचं मटण होतं. बोकड मेल्यावर त्याचं मटण होतं. काही माणसं खातात, काही खात नाहीत." बास. सशांच्या आईसारखं, एका दमात, आणि मग पुढचं काम. तिनं पुढचा प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर द्या. नाही विचारला तर खोदू नका.

"काही खात नाहीत" हे तिला पटवून द्यायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही. आजींच्या गळ्यात माळ आहे. म्हणजे तुमच्या घरात रविवारी दोन तऱ्हेची ताटं एकाच टेबलावर वाढली जातात आणि कोणी कोणाला टोकत नाही. एवढं तयार उत्तर फार थोड्या घरांत असतं. फक्त आजींना एक विनंती : "बरंच झालं" हे तिच्यासमोर नको. ती पुन्हा मटण खायला लागली तर तिला आजीचा पराभव केल्यासारखं वाटू नये, आणि नाही लागली तर आईचा. आत्या-मावश्यांनी फोनवरून "काय गं, तू शाकाहारी झालीस म्हणे" असं चिडवणंही बंद करा. डाळ, उसळ, दूध, चालत असेल तर अंडं, यावर साडेपाच वर्षांची मुलगी छान वाढते. तिला लपवून मटणाचा रस्सा खायला घालू नका. कळलं की ताटातल्या कशावरच तिचा विश्वास राहणार नाही.

मूल रात्री घाबरून उठतंय, आई-बाबांना सोडून कुठेच जात नाही, आठवडे गेले तरी हे कमी होत नाही, असं कोणाच्या घरी होत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांशी बोला. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. तुमची नात विचार करतेय, एवढंच दिसतंय.

आता सूनबाई. इथे मी थोडी त्यांच्या बाजूनं बोलणार आहे, रागावू नका. दिवसभर ऑफिस, मग लोकलची गर्दी, घरी आल्यावर पोरगी ताट सरकवते आणि कारण कळतं की दुपारी आजोबांनी काहीतरी वाचलं. ज्या आईला दिवसातले जागेपणीचे दोनेक तास मुलीसोबत मिळतात, तिला त्या दोन तासांत तरी सगळं नीट चालावं असं वाटणारच. शिवाय पुस्तक त्यांनीच आणलं होतं. गोंडस सशाचं मुखपृष्ठ बघून आणलं असणार, सगळे तसंच आणतात. 'गाळता आलं नसतं का' यात तुमच्यावर जितका राग आहे, तितका स्वतःवरही असू शकतो.

आणि तुमचं 'मला खोटं वाचणं जमत नाही' हे जरा सैल करा. मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रत्येक जण निवड करतोच. तुम्ही इंग्रजीचं मराठी करता, मध्ये थांबता, एखादा शब्द सोडता, एखादा वाढवता. तीन वर्षांच्या पोराला वाचताना अर्धं पान उडवलं तरी काही बिघडत नाही, त्याला चित्रात बेडूक कुठे आहे याच्याशीच मतलब असतो. मी ओळ आखते ती दुसरीकडे : मूल लवकरच जे स्वतः वाचणार आहे, ते गाळू नये. तुमची नात वर्ष-दोन वर्षांत ते इंग्रजी पान स्वतः वाचेल. तेव्हा तिला मॅकग्रेगरच्या बायकोचं काही वाटणार नाही, पण आजोबांनी इथे उडी मारली होती हे नक्की लक्षात येईल. पुस्तक झेपत नसेल तर ते सहा महिने बाजूला ठेवलेलं बरं, चोरून कापलेलं नको. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर असं पुस्तक आधी आपण एकट्यानं वाचावं आणि मग ठरवावं.

पुस्तक कपाटावरून तुम्ही काढू नका. सूनबाईंच्या हातात जाऊ द्या. सुट्टीच्या दिवशी, नात खाली खेळायला गेली की म्हणा, "पूर्ण वाचलंयस का गं हे? पाच मिनिटांचं आहे. वाच आणि तू सांगशील तसं करू." आणि खरंच तसं करा. त्या म्हणाल्या आणखी काही महिने नको, तर नको. त्यांच्या माघारी दुपारी गुपचूप वाचून दाखवू नका. 'आईला सांगायचं नाही' हे वाक्य नातीच्या कानावर पडणं मला त्या 'पाय'च्या वाक्यापेक्षा जास्त घातक वाटतं. माझा अंदाज, त्या वाचतील आणि पाच बनांपाशी थांबतील. पण तो अंदाजच आहे.

पेन्सिलीच्या बाबतीत सूनबाईंचं म्हणणं मान्य करा, कारण उपाय सोपा आहे आणि तुमच्या हातातला आहे. ड्राफ्ट्समन माणूस तुम्ही! ट्रेसिंग पेपरच्या पट्ट्या कापा, त्यावर तुमच्या त्या घोटीव अक्षरात मराठी वाक्यं लिहा आणि निघतील अशा टेपनं चित्राच्या खाली लावा. पुस्तक शाबूत राहतं, आणि नातीला मराठी वाचायला मिळतं. पत्रात एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय की 'तिला खरं पुस्तक माझ्यामुळे मिळत नाही'. उलट आहे. रोज तिच्यासमोर एक माणूस एका भाषेतून दुसरी भाषा घडवतो, अडतो, शब्द शोधतो, तिला विचारतो. नेरूळमधल्या किती मुलांना हे मिळतं? तिनं तुमचा उच्चार सुधारला तर सुधारू द्या, बदल्यात तिचा ळ तुम्ही सुधारा.

चिरंजीवांचा खरा ससा. हा बेत मात्र मी उधळून लावणार आहे. आधी तर्क बघा. मुलीनं विचारलं, प्राणी मरतात आणि आपण ते खातो का? तिला उत्तर म्हणून एक प्राणी आणून द्यायचा? दुकानात मिळणारा ससा युरोपातल्या रानसशापासून माणसानं पाळीव केलेला, थंड हवेचा जीव. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि नवी मुंबईतला एप्रिल-मे तुम्ही ओळखता. बाल्कनीतला पिंजरा म्हणजे भट्टी. नीट सांभाळला तर तो आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे नात दहावीला येईपर्यंत. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजायला दिवसभर सुकं गवत चघळावं लागतं. गाजर हा त्याचा खाऊ, जेवण नव्हे, जास्त दिलं तर पोट बिघडतं. पोट बिघडून त्यानं खाणं थांबवलं तर चोवीस तासांत जिवावर बेतू शकतं, आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सेक्टरोसेक्टरी मिळाले तरी सशांची नीट माहिती असलेला डॉक्टर शोधावा लागतो. शिवाय तो वायरी कुरतडतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला उचलून घेतलेलं आवडत नाही. उचललं की त्याला वाटतं, आपल्याला शिकाऱ्यानं पकडलं. साडेपाच वर्षांच्या मुलीला त्याला कुशीतच घ्यायचं असणार. कान धरून उचलणं तर क्रूरपणाच, सिनेमात कितीही दिसलं तरी. नात शाळेतून येईल त्या दुपारच्या वेळेला तो पेंगत असतो, त्याची धावपळ पहाटे आणि संध्याकाळी. एकटा ठेवला तर कुढतो, जोडी आणली तर नर-मादी ओळखण्यात दुकानदारसुद्धा चुकतात आणि महिन्याभरात पिल्लं होतात. हे सगळं करणार कोण? मुलगा-सून आठला घरी येणार. म्हणजे तुम्ही आणि आजी. आणि ससा दुखणं शेवटपर्यंत लपवतो. जे मरण पुस्तकातल्या एका वाक्यात नको होतं, ते एखाद्या मे महिन्यात सकाळी पिंजऱ्यात दिसलं तर तिला काय सांगणार आहात?

मुलाला हे सगळं वाचायला द्या. मग चार मोठ्या माणसांनी मिळून ठरवलं की जबाबदारी आमची, मुलीची नाही, तर वर्षभरानं जरूर विचार करा. (इतर वाचकांसाठी एक : गावाकडून कोणी रानातलं सशाचं पिल्लू आणून दिलं तर घेऊ नका. रानससा पाळणं वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.)

आता पुस्तकं. सशांच्या नावाखाली दुकानात जे मिळतं त्यातलं बरंचसं गुळाचा चोथा असतं. ससुल्या आईचं ऐकत नाही, ससुल्या पडतो, ससुल्या सॉरी म्हणतो. त्यावर पैसे घालवू नका.

डच चित्रकार डिक ब्रूना यांची मिफी मात्र बघा. 1955 पासूनची ही सशीण. जाड काळी रेघ, मोजके रंग, पानावर चार ओळी, आणि मिफीचं तोंड कायम तुमच्याकडे. रेघेला मान देणारा माणूस म्हणून ती तुम्हालाही आवडेल. त्यात 1996 चं एक पुस्तक आहे, मिफीची आजी वारते त्याचं. मिफीच्या आजोबांच्या डोळ्यांत पाणी, शवपेटी, पुरणं, आणि पुढे मिफी आजीच्या थडग्यावर फुलं घेऊन जाते. इतकं साधं, सरळ पुस्तक मोठ्यांसाठीसुद्धा क्वचित लिहिलं गेलंय. आत्ता लगेच आणा असं म्हणत नाही, ते आहे हे माहीत असू द्या. झोपण्यापूर्वी शांत काही हवं असेल तर सॅम मॅकब्रॅटनी यांचं 1994 चं, 'माझं तुझ्यावर किती प्रेम आहे ओळख' असं विचारणाऱ्या दोन सशांचं पुस्तक आहे. हात पसरून, उड्या मारून प्रेम मोजायचं. वाचताना तुम्हालाही हात पसरावे लागतात, खांदा दुखत असेल तर सांभाळून.

दोन पुस्तकांना आत्ता हात लावू नका. मार्जरी विल्यम्स यांचं मखमली सशाचं (1922) फार सुंदर आहे, पण त्यात मुलाला स्कार्लेट फीवर हा संसर्गजन्य ताप येतो आणि म्हणून त्याचा लाडका, खेळण्यातला ससा जाळायला काढतात. शेवट गोड आहे, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर रडं कोसळतं. आठ-नऊ वर्षांची झाली की वाचा. रिचर्ड अ‍ॅडम्स यांची 'वॉटरशिप डाउन' (1972) ही कादंबरी मुखपृष्ठावर ससे आहेत म्हणून कोणीतरी हौसेनं भेट देईल. ससे असले तरी तिच्यात लढाया आहेत, सापळे आहेत, भरपूर रक्त आहे. ती बारा वर्षांनंतर. आणि त्यावरचा 1978 चा कार्टून सिनेमा 'कार्टूनच आहे' म्हणून लावून देऊ नका.

मराठीत सशांची वेगळी मालिका शोधत बसू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीव्हीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं अजूनही खिशाला परवडतात, आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं हातात धरावीशी वाटतात. एखाद्या सकाळी नातीला घेऊन ट्रान्स-हार्बर लोकलनं ठाण्याला जा आणि मराठी ग्रंथसंग्रहालय दाखवा. त्याची स्थापनाही 1893 ची, पीटरच्या त्या पत्राच्याच वर्षातली. मुलांच्या पुस्तकांचं कपाट कुठे आहे ते तिलाच विचारू द्या आणि पुस्तक तिलाच निवडू द्या. तिनं ससा सोडून मगरीचं पुस्तक उचललं तर "अगं, पण तुला तर ससे आवडतात ना" असं म्हणू नका.